कॉम्प्युटरला टाकी

घरातला कॉम्प्युटर म्हातारा झाला की त्याचं काय करायचं, हा प्रश्न आता आपल्यासारख्या पुष्कळ घरांत येऊन बसला आहे. फ्रिज म्हातारा झाला की गार करेनासा होतो, मिक्सर म्हातारा झाला की जळका वास सोडतो. निदान कळतं तरी! कॉम्प्युटरचं तसं नाही. तो चालू होतो, पण चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत पडद्यावर नुसता गोल फिरत राहतो. मग घरातला प्रत्येक जण आपापलं निदान सांगतो आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होतं, की आता नवीन घ्या.

आमच्या कॉम्प्युटरच्या बाबतीत या म्हणण्याला आणखी एक कारण मिळालं. त्यात जी विंडोज १० नावाची प्रणाली आहे, तिची सुरक्षेची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद होणार, अशी सूचना पडद्यावर येऊ लागली. म्हणजे नेमकी दसरा आणि दिवाळीच्या मधली तारीख. त्या वर्षी दसरा होता २ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ला. दुकानांच्या जाहिराती, बिनव्याजी हप्ते, एक्स्चेंजच्या योजना या सगळ्यांना ऊत यायचा तो हाच काळ. मला तर वाटलं, हा मुहूर्त कुणी तरी पंचांग उघडून काढला असावा.

आम्ही माल्याला राहतो. मुळशी तालुक्यातलं माले, ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. पावसाळ्यात इथे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत आणि कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे कॉम्प्युटरची काय कथा! धरण आमच्या उशाशी आहे. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह चालवला, तेच हे मुळशीचं धरण. त्याचं पाणी खाली कोकणात भिऱ्याला जातं आणि तिथे वीज होते. पण जुलैमधल्या वाऱ्यात एखादी फांदी तारेवर पडली, की आमच्या घरी मेणबत्ती शोधायची वेळ येतेच. कॉम्प्युटर घ्यायचा तर आपण राहतो कुठे, हेही बघावं लागतं, एवढ्याचसाठी हे सांगितलं.

आमचा कॉम्प्युटर २०१४ सालचा. ह्यांनी पिरंगुटच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्या मोठ्या बोनसमधून तो घेतला. टेम्पोतून खोकी उतरली तेव्हा निम्मी आळी बघायला आली होती, असं सासूबाई अजून सांगतात. सुरुवातीला त्याच्यावर प्लास्टिकचं झाकण, झाकणावर भरतकामाचा रुमाल, असा थाट होता. मग हळूहळू तो माझ्याकडे आला. मी बी.ए. झाल्यावर एमएससीआयटी केलेलं होतं, त्यामुळे टायपिंग येत होतं. पुढे शाळेत तासिकेवर मराठी आणि इतिहास शिकवायला लागले, संध्याकाळी घरी शिकवण्या सुरू झाल्या. प्रश्नपत्रिका, सराव-चाचण्या, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, पंचायतीचे दाखले, सात-बारा, वीजबिल, भाताच्या बियाण्याचा हिशेब असं सगळं त्याच्यावरच. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा तर दिवसभर त्याला उसंत नव्हती. आज त्या कॉम्प्युटरवर सगळ्यांत जास्त वेळ मी बसते. पण तो बदलायचा की नाही, याची चर्चा सुरू झाली तेव्हा सगळ्यांत शेवटी विचारलं गेलं तेही मलाच.

हे म्हणाले, "लॅपटॉप घेऊ. लाईट गेली तरी चालतो." मुद्दा खोटा नव्हता. भाऊजी म्हणाले, "कशाला हवाय कॉम्प्युटर? सगळं मोबाइलवर होतं." भाऊजींनी कधी मोबाइलवर जोड्या लावाचा तक्ता तयार करून पाहिलेला नाही. लेक आठवीत. तिचं म्हणणं एकच, की मैत्रिणीचा कॉम्प्युटर चुटकीसरशी चालू होतो. पुण्यात चौकशी केली तर पडद्यासकट नवा साधा संच त्रेचाळीस हजारांच्या घरात जात होता, लॅपटॉप त्याहून थोडा वर.

आणि पैसे? माझ्या शिकवणीचे दोन वर्षांत साठलेले सेहेचाळीस हजार बँकेत होते. सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या, ते साहजिकच होतं. पण ते मी कॉम्प्युटरसाठी साठवलेले नव्हते. ते बी.एड.साठी होते. मैत्रिणींनो, बी.ए.वर तासिका मिळते, पण कायमची शिक्षिका व्हायचं तर बी.एड. हवंच, आणि २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं आहे. मी छत्तीस वर्षांची. आता नाही तर पुन्हा नाही.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा ह्यांनी विचारलं, "बी.एड. करून नोकरी लागेलच कशावरून?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. भरती पवित्र पोर्टलवरून होते, जागा कधी निघतील ते कुणी सांगू शकत नाही. मी एवढंच म्हटलं, "कॉम्प्युटर घेतला तरी तो दहा वर्षं टिकेलच कशावरून?" त्यावर हे म्हणाले, "तुझे पैसे आहेत, तू ठरव." शब्द चांगले होते, सूर नव्हता. त्यानंतर दोन दिवस घरात भाजीत मीठ कमी आहे की जास्त, हेही कुणी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "अगं, पाटा गुळगुळीत झाला म्हणून कुणी पाटा टाकून देतं का? टाकी लावून घेतात. पूर्वी बाया दारावरून ओरडत यायच्या. तुमच्या त्या पेटीला टाकी लावून मिळत नाही का?"

मला हसू आलं, पण प्रश्न मात्र अगदी नेमका होता. पाटा झिजलाय की फुटलाय, हे आधी बघायला नको का?

मग मी एक केलं. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर पंधरा दिवस टिपून ठेवलं, की कॉम्प्युटरवर काय काम केलं आणि अडलं कुठे. तुमच्याही घरी हा प्रश्न असेल तर दुकानात जायच्या आधी हे जरूर करा. दुकानदार विचारतो, "बजेट किती?" काम काय, हे तो नंतर विचारतो. माझ्या वहीतून निघालं ते असं, की चालू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात. एकदा चालू झाला की टायपिंगला काही त्रास नाही. इंटरनेटची चार पानं एकदम उघडली की गोठतो. आणि चार दिवसाआड त्याचं घड्याळ बिघडतं. हे शेवटचं तर फारच गमतीचं होतं. लाईट जाऊन आली की कॉम्प्युटर सरळ २०१४ सालच्या जानेवारीत जागा व्हायचा! मग बँकेचं पान उघडेना, सरकारी पान उघडेना. तारीख चुकली की ती पानं विश्वासच ठेवत नाहीत. लेक म्हणायची, "आई, आज मी अजून बोबडंच बोलत असेन."

पौडला एक दुरुस्तीवाला मुलगा आहे. ह्यांनी रविवारी पेटी मोटारसायकलवर बांधून दिली. रागावलेले असले तरी पेटी मागे धरून बसायला मला नेलं, हेही सांगायला हवं. त्या मुलाने झाकण उघडलं आणि आतून गोधडीसारखा धुळीचा थर निघाला, त्यात वाळलेलं एक झुरळ. लेकीच्या खोडरबरने त्याने रॅमच्या पट्टीची सोनेरी टोकं घासली. पावसाळी हवेत ती काळवंडतात म्हणे. मग आतलं रुपयाच्या नाण्याएवढं चपटं सेल बदललं. चाळीस रुपये. घड्याळाचा रोग तेवढ्यावर बरा झाला.

बाकीचं त्याने समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. कॉम्प्युटरमध्ये एक असतो प्रोसेसर, म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. रॅम म्हणजे तिचा ओटा. ओटा लहान असेल तर परात ठेवायची कुठे नि पोळपाट कुठे, म्हणून ती सारखी वस्तू उचलून ठेवत राहते. आणि हार्डडिस्क म्हणजे माळा, जिथे सगळं साठवलेलं. आमच्या कॉम्प्युटरचा ओटा चार जीबीचा आणि माळा जुन्या पद्धतीचा, म्हणजे आत तबकडी मिनिटाला हजारो वेळा फिरते आणि एक सुई त्यावरून वाचते. अकरा वर्षं फिरून फिरून ती दमली होती. कान लावला तर टक् टक् आवाज यायचा. आता एसएसडी म्हणून जी येते तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती चटकन वाचते. म्हणजे बाई धडधाकट होती, ओटा आणि माळा तेवढे बदलायचे होते.

एसएसडी दोन हजारांना, रॅमची जास्तीची पट्टी नऊशेला, सेल, साफसफाई आणि मजुरी धरून एकूण तीन हजार सहाशे चाळीस. रॅमबद्दल एक सांगून ठेवते. २०२५ च्या शेवटाकडे रॅमचे भाव जगभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडून मागणी वाढली. तेव्हा भाव विचारताना जुन्या पावतीवर जाऊ नका. आणि आपल्या कॉम्प्युटरला डीडीआर-३ लागते की ४, हे आधी पाहून घ्या. ब्लाउजपीस साडीवर लावून बघतो ना, तसंच. एका जातीची पट्टी दुसऱ्या जातीच्या खाचेत बसत नाही.

आता कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात चालू होतो. सगळ्यांत जास्त आश्चर्य ह्यांना वाटलं, पण ते त्यांनी कबूल केलं नाही.

एवढ्यावर प्रश्न सुटला असता तर हा लेख लिहायची गरजच नव्हती. खरी अडचण विंडोजची. विंडोज ११ टाकायची तर तिच्या अटी आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आत हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. आमचा चौथ्या पिढीचा. बाई कितीही सुगरण असली तरी तिच्याकडे तेवढा दाखला नाही! दुरुस्तीवाला मुलगा म्हणाला, "काकू, मी अकरा टाकून देतो, चालते तशी." मी नको म्हटलं. आडमार्गाने घातलेल्या प्रणालीला पुढच्या दुरुस्त्या मिळतील, असा भरवसा कंपनी देत नाही. आणि कुठून तरी उतरवलेली चोरटी प्रत असली तर तिच्यात काय दडलंय ते आपल्याला कळणारही नाही. ज्यावर आधार, पॅन आणि बँक उघडायची, त्यावर असलं काही नको.

दुरुस्ती बंद झाली म्हणजे कॉम्प्युटर बंद पडतो, असा गैरसमज मात्र आमच्या आळीत फार झाला होता. तसं काही होत नाही. तो चालतोच. फक्त चोरांना नवी खिडकी सापडली, तर ती बुजवायला कुणी येत नाही. घरगुती ग्राहकांसाठी एक वर्षाची वाढीव सोय जाहीर झाली होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तीस डॉलर भरून ती घेता येत होती. पण मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नव्हते. मी तसं केलं. म्हणजे वर्षभराची उसंत मिळाली.

त्यापुढे काय, तेही बघून ठेवलं आहे. लिनक्स म्हणून फुकट मिळणाऱ्या प्रणाली आहेत, जुन्या कॉम्प्युटरवर त्या चांगल्या चालतात. पेन ड्राइव्हवर घालून, आतलं काही न पुसता चालवून बघता येतात, हे मला फार आवडलं. नमुन्याची चिमूट चाखून बघावी तसं. मी लिनक्स मिंट बघितली. इन्स्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड तिथेही आहे, लिहायला लिब्रे ऑफिस आहे. माझं शाळेचं काम त्यात भागेल. ह्यांच्या कारखान्याच्या एक्सेलच्या फायली मात्र जराशा वाकड्या दिसल्या. लेकीला पुढे डिप्लोमाला जायचं असेल, चित्रं किंवा नकाशे काढायचे असतील, तर हा कॉम्प्युटर पुरणार नाही, हेही खरं. तेव्हा नवा लागेल आणि घ्यावाही लागेल. मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, जळली तरीही मी अकरा वर्षांच्या यंत्रात पैसे घालणार नाही. पाटा फुटल्यावर टाकी कशाला?

आता एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाहीत आणि शिक्षिकांनी तरी लक्षात ठेवावी. माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. त्या फॉन्टांत 'क' हा खरोखर 'क' म्हणून साठवलेला नसतो. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की सगळी रांगोळी विस्कटते. आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका, शिवकालावरची टिपणं, सासऱ्यांनी सांगितलेल्या आणि मी उतरवून घेतलेल्या धरणाआधीच्या गावांच्या आठवणी, सगळं त्यातच. नवा कॉम्प्युटर घाईने घेऊन जुना देऊन टाकला असता तर हे सगळं हातात असूनही वाचता आलं नसतं. सासरे तर आता नाहीत. त्या पंधरा पानांसाठी मी कॉम्प्युटर उघडू देण्याआधी सगळ्याची प्रत पेन ड्राइव्हवर काढली आणि पीडीएफही करून ठेवली. नंतर फॉन्ट बदलून देणारी सोय वापरून युनिकोडमध्ये आणलं. सगळं नीट येत नाही हं. जोडाक्षरं आणि रफार घसरतात, 'ऱ्या'चं काहीतरी भलतंच होतं. रोज रात्री एक-एक पान तपासत बसले. युनिकोडमधलं मराठी मात्र मोबाइलवरही दिसतं आणि पुढच्या कॉम्प्युटरवरही दिसेल.

जुनी हार्डडिस्क मी दुकानात ठेवली नाही. "भंगारात टाकतो" म्हणाला तो मुलगा, पण मी पिशवीत घालून घरी आणली. फाइल पुसली म्हणजे ती गेली असं नसतं, जाणकाराला ती परत काढता येते. आणि आमच्या डिस्कवर चौघांची आधार कार्डं आणि जमिनीचे कागद. भंगारवाल्याला कॉम्प्युटर देण्याआधी एवढं तरी काढून घ्या. शिवाय अशा कचऱ्यात शिसं वगैरे घातक पदार्थ असतात. त्यासाठी २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम आहेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले, आणि तो कचरा नोंदणी झालेल्या पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवा. नाल्याकाठी तारा जाळून तांबं काढणारे आपण पाहतोच.

लाईटीचा मुद्दा उरला होता, आणि तो ह्यांचा होता. युपीएसची बॅटरी मेलेली होती. लाईट गेली की तो नुसता एकदा ओरडून गप्प व्हायचा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हे पुण्याला गेले होते, तेव्हा तापकीर गल्लीतून नवी बॅटरी घेऊन आले. स्वतःच्या पैशांनी. "बारा-पंधरा मिनिटं मिळतील, तेवढ्यात सेव्ह करत जा," एवढंच म्हणाले. मी त्या दिवशी भाताबरोबर वालाचं बिरडं केलं होतं.

बेचाळीस हजार तीनशे साठ रुपये बँकेत आहेत. पुढच्या कॉम्प्युटरसाठी आळीतल्या भिशीत निराळा हप्ता सुरू केला आहे, निम्मा माझा नि निम्मा ह्यांचा. पावसाळ्यात काम असो-नसो, रोज अर्धा तास कॉम्प्युटर चालू ठेवायचा, म्हणजे आतला दमटपणा कमी होतो, ही जबाबदारी सासूबाईंनी आपणहून घेतली आहे. बटण दाबून त्या त्यावर विठ्ठलाचे अभंग लावतात. बी.एड.ची सीईटी कॉम्प्युटरवरच द्यावी लागते, पुढे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणीही तशीच. म्हणून सराव चालू आहे. रात्री साडेनऊ ते साडेदहा त्या खुर्चीवर मी बसते, आणि त्या वेळात लेकीने आवराआवर करायची असं ठरलं आहे.